उंदीर आधी का मरत होते?



सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी मी बोलते आहे. त्यांच्या शिक्षणकार्यावर बोलायला माझ्याहून कितीतरी अधिकारी माणसं आहेत. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी बाई. म्हणून आज मी त्यांच्या अखेरच्या दिवसांपासून सुरुवात करणार आहे आणि तिथून वैज्ञानिक विचार म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाकडे जाणार आहे.

१८९७ सालच्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. सावित्रीबाईंचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. घरचे लोकही ज्यांना हात लावायला धजत नव्हते अशा रुग्णांना सावित्रीबाई तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तो मुलगा वाचला. १० मार्चला सावित्रीबाई प्लेगनं गेल्या.

त्या दिवशी हा रोग एका देहातून दुसऱ्या देहात कसा जातो, हे जगातल्या कोणत्याही डॉक्टरला खात्रीनं सांगता आलं नसतं. रोगाचा जंतू सापडलेला होता. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सां यांनी तो रुग्णांच्या गाठींमध्ये पाहिला आणि मेलेल्या उंदरांतही पाहिला. पण जंतू सापडला म्हणजे त्याची वाट सापडली असं होत नाही. ती वाट सापडून सर्वमान्य व्हायला पुढची दहाएक वर्षं गेली, आणि त्यातलं बरंचसं काम आपल्या मुंबईत झालं. मला त्या दहा वर्षांबद्दल बोलायचं आहे.

वैज्ञानिक पद्धतीचं पुस्तकी वर्णन आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. परीक्षेत हा क्रम लिहिला की गुण मिळतात. पण निरीक्षण अगदी बरोबर असूनही हुशार, प्रामाणिक माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या निष्कर्षावर का अडून बसतात, हे या क्रमातून कळत नाही. प्लेगच्या बाबतीत तेच झालं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियु व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिले रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला धान्याच्या वखारींचा, दाट वस्तीचा भाग. तिथे माणसं आजारी पडण्याआधी उंदीर मरत होते. लोकांनी हे पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं, सरकारी अधिकाऱ्यांनीही पाहिलं. पुढे दख्खनच्या गावोगावी हे ज्ञान इतकं मुरलं की घरात ‘उंदीर पडायला’ लागले की लोक चूल-भांडी उचलून माळावर, शेतात झोपड्या घालून राहायला जात. ज्या काळात वैद्यकशास्त्राकडे याचं धड उत्तर नव्हतं, त्या काळात अडाणी म्हणून हिणवले गेलेले लोक या शहाणपणामुळे वाचले. याचा मला मनापासून आदर वाटतो.

म्हणजे निरीक्षणाबद्दल वाद नव्हता. वाद होता तो अर्थाबद्दल. एक मत असं की प्लेगचं विष जमिनीत, ओलसर भुईत, सांडपाण्यात असतं. उंदीर जमिनीलगत वावरतात, म्हणून ते आधी मरतात. माणसाचं नाक जरा वर, म्हणून तो नंतर. दुसरं मत धान्याचं. वखारीतलं दूषित धान्य उंदीर आधी खातात, माणसं मागाहून. तिसरं मत असं की मेलेल्या उंदराच्या मलमूत्रातून जंतू भुईवर पडतात आणि अनवाणी पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात. जांघेतच गाठ का येते, याचंही उत्तर त्यातून मिळत होतं. तिन्ही मतं ऐकायला सुसंगत आहेत. ‘आधी उंदीर, मग माणूस’ हे निरीक्षण तिघांनाही जुळतं. जितके जास्त मेलेले उंदीर मोजावेत तितकं प्रत्येकाला आपलंच खरं वाटावं, अशी ही परिस्थिती होती.

यातलं पहिलं मत सत्तेच्या हाती होतं आणि त्याचे परिणाम लोकांना भोगावे लागले. विष भुईत आहे असं एकदा मानलं की पुढचं सगळं ओघानंच येतं. मुंबईत घरांमध्ये बंबांनी कार्बोलिकचे फवारे मारले गेले, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली, मोऱ्या धुऊन काढल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात वॉल्टर रँडच्या प्लेग समितीनं गोऱ्या सोजिरांना घराघरांत घुसवलं, सामान रस्त्यावर काढून जाळलं, स्त्रियांची तपासणी केली. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवरच्या हल्ल्यात कसा झाला हे या सभागृहात सांगायला नको. आपण तो इतिहास अत्याचाराचा म्हणून शिकतो आणि तो तसा होताच. पण त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. त्या जबरदस्तीच्या बुडाशी एक न तपासलेलं गृहीतक होतं. त्या फवाऱ्यांनी उंदीर बिळांतून बाहेर पडून शेजारच्या घरांत पळाले, आणि त्यांच्या अंगावर जे होतं तेही त्यांच्याबरोबर गेलं.

मग तीन मतांतून एक निवडायचं कसं? आणखी उंदीर मोजून ते होणार नव्हतं. ही मतं जिथे एकमेकांपासून फुटतात ती जागा शोधायला हवी होती. असं काय घडेल की त्यातलं एक मत ‘हो’ म्हणेल आणि दुसरं ‘नाही’ म्हणेल? माझ्या मते वैज्ञानिक विचाराचा गाभा एवढाच आहे. आपलं म्हणणं खोटं ठरू शकेल अशी परिस्थिती आपणच रचायची आणि मग शांतपणे निकालाची वाट पाहायची. बाकी सगळी साधनसामग्री त्यासाठी आहे.

हे काम पहिल्यांदा नीट केलं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं. पाश्चर संस्थेनं त्यांना १८९७ मध्ये मुंबईला पाठवलं होतं. सिमाँ यांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, काही रुग्णांच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीकसा फोड असतो आणि त्यात प्लेगचे जंतू असतात. गाठ येते ती त्याच बाजूच्या जांघेत. तो फोड कीटकाच्या दंशासारखा दिसत होता. दुसरी गोष्ट अशी की नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे लोक आजारी पडत, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर उचलणाऱ्यांना सहसा काही होत नसे. विष जर उंदराच्या देहात असेल तर ते काही तासांत नाहीसं का व्हावं? सिमाँ यांनी निरोगी आणि आजारी उंदीर न्याहाळले. निरोगी उंदीर स्वतःला सतत साफ करतो, त्याच्या अंगावर पिसवा फारशा टिकत नाहीत. आजारी उंदराला ती ताकद राहत नाही, त्याच्या अंगावर पिसवा बुजबुजतात. उंदीर मरून थंड पडला की त्या त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात.

२ जून १८९८ रोजी कराचीत, मुक्काम होता त्या हॉटेलातच, त्यांनी प्रयोग लावला. काचेची एक मोठी बरणी, तळाशी वाळूचा थर. प्लेग झालेल्या घरातून पकडलेला आजारी उंदीर त्यात सोडला. पिसवा पुरेशा असाव्यात म्हणून एका मांजराच्या अंगावरच्या पिसवाही गोळा करून त्यात टाकल्या. उंदीर अगदी मरायला टेकला तेव्हा एका जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवून तो पिंजरा बरणीत असा टांगला की तो तळाला, वाळूला आणि त्या आजारी उंदराला कुठेही स्पर्श करणार नाही. जाळीतून पिसू उडी मारून जाऊ शकेल, एवढीच वाट उरली. दुसऱ्या दिवशी आजारी उंदीर मेला. पाचव्या दिवशी पिंजऱ्यातला उंदीर जड झाला, आणि पुढच्या संध्याकाळी मेला. त्याच्या अंगात गाठी होत्या आणि रक्तात जंतू होते.

पण मला या प्रयोगाचं मोल वाटतं ते शेजारच्या दुसऱ्या बरणीमुळे. तिच्यातही प्लेगनं आजारी उंदीर होता आणि त्याच्याजवळ निरोगी उंदीर होता. फक्त पिसवा नव्हत्या. तिथला निरोगी उंदीर ठणठणीत राहिला. ही दुसरी बरणी नसती तर पहिल्या बरणीतून काहीच सिद्ध झालं नसतं. उंदीर हवेतून आजारी पडला असेल, श्वासातून पडला असेल, बरणीत कोंडल्यामुळेच मेला असेल, असं कोणीही म्हणू शकलं असतं. दोन्ही बरण्या सारख्या ठेवून एकच गोष्ट बदलली, म्हणून त्या एका गोष्टीबद्दल बोलण्याचा अधिकार सिमाँ यांना मिळाला.

आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी जंतू वाढवायच्या बशा लावतात तेव्हा एक बशी ‘कंट्रोल’ म्हणून ठेवावी लागते. तिच्यात काही घालायचं नसतं, बाकी सगळं इतरांसारखंच. पहिल्या वर्षाची मुलं ती जर्नलमध्ये दाखवायची म्हणून ठेवतात. तिच्यात काही उगवलं नाही की ‘नो ग्रोथ’ लिहून मोकळी होतात. आणि मग एखाद्या वर्षी त्या रिकाम्या बशीतच वसाहती उगवतात. तेव्हा बाकीच्या वीस बशांवरचं सुंदर निरीक्षण रद्द करावं लागतं. त्या दिवशी मुलांचे चेहरे उतरतात, पण पुढच्या वेळी कंट्रोलची बशी सगळ्यांत आधी लागते. मला वाटतं, विज्ञानाचं खरं शिक्षण त्या दिवशी होतं.

सिमाँ यांचा निष्कर्ष लगेच स्वीकारला गेला नाही. त्याच सुमारास भारतात काम करणाऱ्या सरकारी प्लेग आयोगानं पिसवांची कल्पना असंभाव्य ठरवून बाजूला सारली. युरोपातल्या काहींनी प्रयोग करून पाहिले, ते फसले. उंदरावरच्या पिसवा माणसाला चावतच नाहीत, असंही सांगितलं गेलं. हा शेवटचा आक्षेप निव्वळ हटवादीपणाचा नव्हता. युरोपातल्या उंदरांवरच्या पिसवांच्या जाती वेगळ्या होत्या. प्रयोग फसला यावरून विधान खोटं ठरतंच असं नाही; प्रयोग करताना काय बदललं गेलं, हे आधी तपासावं लागतं. पण आयोगाला मी इतक्या सहज सोडणार नाही. सिमाँ यांनी बरणी, वाळू, जाळी, सगळं लिहून ठेवलं होतं. मुंबईत उंदीर होते, पिसवा होत्या, प्लेग होता. तोच प्रयोग इथे करून बघायला काही हरकत नव्हती. ‘असंभाव्य’ या शब्दावर त्यांनी काम भागवलं, आणि पुढची काही वर्षं कार्बोलिक वाहत राहिलं.

मुंबईत हा धागा पुन्हा उचलला ग्लेन लिस्टन यांनी. भायखळ्याच्या राणीच्या बागेत गिनीपिग मरू लागले तेव्हा त्यांनी त्यांच्या अंगावरच्या पिसवा तपासल्या. त्या उंदरांवरच्या पिसवा होत्या. १९०३ साली शहरातल्या एका चाळीत उंदीर मेले आणि मागोमाग रहिवाशांना पिसवांचा त्रास सुरू झाला. लिस्टन यांनी माणसांच्या अंगावरून तीस पिसवा जमवल्या. त्यातल्या चौदा उंदरांवर राहणाऱ्या जातीच्या निघाल्या. उंदराची पिसू माणसाला चावत नाही, हा दावा इथेच ढासळला. मग लिस्टन यांनी प्लेग झालेल्या रिकाम्या घरांत गिनीपिग सोडून त्यांचा पिसवा पकडायच्या सापळ्यासारखा उपयोग केला. हे सगळं त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसमोर मांडलं.

१९०५ मध्ये नवा आयोग परळला आला आणि त्यानं जे काम केलं ते मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी तपशिलात सांगते. परळच्या प्रयोगशाळेच्या आवारात त्यांनी सहा छोट्या खोल्या बांधल्या. भिंती सारख्या, जमीन सारखी. फरक फक्त छपरात. काहींवर गावठी कौलं, ज्यात उंदरांना हवी तशी जागा मिळते. काहींवर मंगलोरी कौलं, ज्यात उंदरांना शिरायला जागा कमी. आणि काहींवर सपाट पत्रा, जिथे उंदराला थारा नाही. छपरावरच्या उंदरांच्या पिसवा खाली पडत, त्यामुळे छपराच्या जातीनुसार खोलीत पिसवा कमीजास्त होत. खाली प्लेगनं आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडले. जिथे पिसवा जास्त, तिथे साथ जोरात. जिथे पिसवा नाहीत, तिथे आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र राहिले, एकाच भांड्यात खाल्लं, एकमेकांच्या घाणीत लोळले, तरी साथ पसरली नाही.

पुढची पायरी उंचीची. पिसू साधारण चार इंच उडी मारते. मग त्यांनी पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या गिनीपिगला प्लेग झाला. दोन फुटांवरचा सुटला. आता विष भुईतून वर येणाऱ्या हवेत असेल तर ते दोन इंचांवर भेटतं आणि दोन फुटांवर भेटत नाही, असं का व्हावं? तरीही कोणी म्हणू शकलं असतं की हवा जमिनीलगत जड असते. त्याला उत्तर म्हणून त्यांनी जमिनीवरच दोन पिंजरे ठेवले. एकाभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, दुसऱ्याभोवती तेवढीच वाळू. चिकट कागद हवेला अडवत नाही, वासाला अडवत नाही, पिसूला मात्र अडवतो. कागदाच्या आतला प्राणी वाचला, वाळूतला गेला.

पाहा, प्रत्येक पायरीवर ते स्वतःच विरोधकाच्या बाजूनं उभे राहतात. समोरचा काय म्हणेल, याचा आधी विचार, आणि त्या म्हणण्याला जिंकायची पूर्ण संधी देणारी पुढची रचना. आपल्याकडे वादविवादाची मोठी परंपरा आहे. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला किंमत नाही, हे आपल्या शास्त्रकारांना ठाऊक होतं. परळमध्ये पूर्वपक्ष चिकट कागदानं मांडला गेला, एवढाच फरक.

त्याच आयोगानं मुंबईभरातून रोज उंदीर गोळा करून तपासले. एका वर्षात लाखाच्या वर. गटारातले तपकिरी उंदीर आधी मरतात, मग घरातले काळे उंदीर, मग माणसं. त्या दरम्यानचे दिवस जुळून आले. हे आकडे एवढ्या मेहनतीचे, पण एकटे असते तर तेही जुन्या तिन्ही मतांना जुळले असते. सहा खोल्यांनी त्यांना अर्थ दिला. जंतू पिसूच्या अन्ननलिकेत वाढून गठ्ठा करतो, रक्त आत जाईना म्हणून भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि दर वेळी जंतू उलटून जखमेत सोडते, ही यंत्रणा बेकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवली. तोवर मार्ग मान्य होऊन काही वर्षं झाली होती. यंत्रणा कळण्याआधी कारण कळू शकतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता अवघड भागाकडे येते. गिनीपिगना पिंजऱ्यात ठेवता येतं. माणसांच्या बाबतीत तुलना कशी करायची?

वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण त्यावरून लस सुसह्य आहे एवढंच कळतं. ती रोखते का, हे कळत नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी स्वेच्छेनं लस घेतली, थोड्या अधिक कैद्यांनी घेतली नाही. पुढच्या आठवड्यात न टोचलेल्यांत बारा रुग्ण आणि सहा मृत्यू, टोचलेल्यांत दोन रुग्ण आणि मृत्यू नाही. हाफकिन यांनी टोचण्याच्या दिवशीच गाठ असलेल्या कैद्यांचा हिशेब वेगळा ठेवला होता, हे महत्त्वाचं. आधीच लागण झालेल्यांचं यश किंवा अपयश लसीच्या खात्यावर टाकता येत नाही.

तरीही एक शंका उरते. स्वेच्छेनं पुढे येणारा माणूस आणि मागे राहणारा माणूस सारखे असतात का? कदाचित पुढे येणारे धडधाकट असतील, कदाचित दुसऱ्या बराकीतले असतील. हाफकिन यांना ही शंका दिसत होती, म्हणून पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगांत बसवून एक सोडून एक टोचलं गेलं. आणि फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी त्याहून पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. वय, लिंग, प्रकृती दोन्ही बाजूंना शक्य तितकी सारखी राहील असं पाहिलं. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारे, एकाच उंदरांच्या शेजारी झोपणारे. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांत लस घेतलेली ७१ माणसं होती. त्यांपैकी आठ आजारी पडली, तीन दगावली. लस न घेतलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ दगावली.

हे आकडे वाचताना मी दर वेळी थांबते. एका बाजूला विज्ञानाच्या इतिहासातली ही फार स्वच्छ तुलना आहे. दुसऱ्या बाजूला ती २६ माणसं आहेत. त्यांना लस न देण्याचा निर्णय कोणीतरी घेतला होता, आणि त्यांना किंवा त्या कैद्यांना काय समजावून सांगितलं होतं, नाही म्हणायची मुभा कितपत होती, हे त्या तक्त्यांत दिसत नाही. आजची कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग त्या स्वरूपात होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरी दुसरी बाजूही सांगायला हवी. न तपासलेली लस किंवा न तपासलेला उपाय लाखोंना देणं हाही माणसांवरचा प्रयोगच आहे. फक्त त्यात कोणी नोंद ठेवत नाही, म्हणून त्यातून कोणी काही शिकत नाही. मुंबईतल्या घरांतून वाहिलेलं कार्बोलिक हा तसला प्रयोग होता. त्याला दुसरी बरणी नव्हती.

आणि म्हणून ‘माझ्या भावाला गुण आला’ या वाक्यावर मी सहज मान डोलावत नाही. ते वाक्य खोटं आहे असं मला म्हणायचं नसतं. भावाला गुण आला असेलच. पण औषध न घेता काय झालं असतं, ते आपल्याला दिसत नाही, आणि ते दिसावं म्हणूनच दुसरा गट लागतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत हे आपण पुन्हा अनुभवलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या गोळ्यांसाठी दुकानांत रांगा लागल्या होत्या. ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ या चाचणीत हजारो रुग्णांना चिठ्ठी काढावी तसं यदृच्छेनं गटांत विभागलं गेलं. जूनपर्यंत निकाल आला. त्या गोळ्यांचा रुग्णालयातल्या रुग्णांना फायदा नव्हता. पण डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करत होतं, आणि ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना त्याचा उपयोग नव्हता. एकच औषध, कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे केवळ अनुभवी नजरेनं कळलं नसतं. त्याच वर्षी मार्चअखेर बरेलीत घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. ते दृश्य पाहताना मला १८९७ मधले बंब दिसले. सव्वाशे वर्षांत जंतू बदलला, रसायन बदललं. ज्याच्यावर फवारायचं त्याला काही विचारायचं नसतं, हा समज आणि फवारण्याआधी तपासायची गरज नसते, हा समज मात्र बदलला नव्हता. हे दोन समज मला नेहमी एकत्रच राहताना दिसतात. ज्या माणसाचा आपण आदर करतो, त्याच्यावर उपाय करण्याआधी तो उपाय तपासावासा वाटतो.

शेवटी एक आपल्या जवळची गोष्ट. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरू लागले आणि पिसवांचा सुळसुळाट झाला. गावकऱ्यांनी ते आरोग्य खात्याला कळवलं. गाठीच्या प्लेगचे रुग्ण त्यानंतर आले. पुढच्या महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगनं जो हाहाकार उडाला त्यात मामला झाकोळून गेलं. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर लोक घरं सोडून बाहेर राहिले, बंद घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले, असं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. ते पटण्याजोगं आहे. पण परळच्या सहा खोल्या आठवल्या की मला लगेच विचारावंसं वाटतं, भूकंपानं तशीच हादरलेली पण प्लेग न आलेली गावं किती होती, आणि तिथल्या धान्याचं नि उंदरांचं काय झालं? तो हिशेब मांडल्याशिवाय हे स्पष्टीकरण मी अर्धंच मान्य करते.

एक गोष्ट मात्र तिथे पक्क्या पायावर उभी होती. प्लेगच्या गावात गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानं पहिल्यांदा उंदीर मारायचे नसतात. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसांकडे येतात. म्हणून आधी बिळांच्या तोंडाशी, भिंतींच्या कडेनं, गोठ्यात कीटकनाशक मारायचं, पिसवा कमी झाल्यात का हे मोजायचं, आणि मगच उंदरांच्या मागे लागायचं.